अठरा-चौदा का दिसली नाही?

पत्र:

काका, मी ओहायोत राहते, वय २९. चेकर्स मला बाबांनी शिकवलं, सांगलीच्या घरी ओसरीवर. इथे आल्यावर क्लब सापडला आणि गेली चार वर्षं स्पर्धा खेळते आहे. गेल्या महिन्यातल्या स्पर्धेत आठ डाव झाले. एक जिंकले, दोन हरले, पाच बरोबरीत सुटले. घरी येऊन सगळे डाव संगणकावर घातले, तर बरोबरीच्या पाचपैकी तीन डावांत मी कुठे ना कुठे जिंकत होते असं त्याने दाखवलं. एक जागा तर इतकी सोपी होती की बघून रडू आलं. ती जागा आणि न जिंकलेल्या डावांचे कागद सोबत पाठवते आहे. दुसऱ्या डावात माझे तीन राजे होते, समोर दोन, तरी मला डाव संपवता आला नाही. तिसऱ्यातला विजय संगणक दाखवतो, पण मला अजूनही कळत नाही. मी प्रत्येक स्पर्धेनंतर विश्लेषण करते, चुकलेली चाल आणि बरोबर चाल लाल शाईने लिहून ठेवते. तीन वह्या भरल्या, चुका मात्र तशाच. बाबा म्हणतात, झालं गेलं विसर आणि पुढचा डाव खेळ. माझं नेमकं कुठे चुकतंय?

– लाल शाईवाली

उत्तर:

तू मला काका म्हणालीस, म्हणून मीही अगं-तुगंवर येतो.

तुझ्या तीन वह्यांत काय काय असेल ते मी न बघता सांगू शकतो, कारण तशा वह्या माझ्याकडेही होत्या. ‘इथे ३२-२८ चुकलं, १८-१४ हवं होतं.’ (३२-२८ म्हणजे ३२ नंबरच्या घरातून २८ वर.) पुढच्या पानावर आणखी एक जागा, आणखी दोन आकडे. हे लिहिताना आपण फार मेहनत करतो आहोत असं वाटतं, आणि मेहनत होतेही. पण ती जागा तशीच्या तशी तुझ्यासमोर पुन्हा जवळजवळ कधीच येणार नाही. पुन्हा येतो तो विचार, ज्याच्यामुळे तू ३२-२८ खेळलीस. तो तुझ्या वहीत कुठेच नाही. लाल शाईने तू चाल लिहितेस आणि चूक न लिहिताच पान उलटतेस.

तुझीच जागा घेऊ. हा खेळ खेळून बरीच वर्षं झालेल्या वाचकांसाठी आधी चार ओळी. पट बुद्धिबळाचाच, चौसष्ट घरांचा, पण खेळ फक्त ३२ काळ्या घरांवर. दोघांकडे बारा-बारा सोंगट्या. साधी सोंगटी तिरकी, पुढेच जाते. शेवटच्या ओळीत पोचली की राजा होते आणि मागेपुढे दोन्हीकडे एकेक घर चालते. मार दिसली की मारावंच लागतं, आणि एक उडी मारल्यावर पुढची उडी उपलब्ध असेल तर तीही घ्यावी लागते. घरांना काळ्याच्या बाजूने १ ते ३२ असे आकडे. काळ्याच्या घरच्या ओळीत १ ते ४, पांढऱ्याच्या घरच्या ओळीत २९ ते ३२.

तू पांढरी होतीस. तुझ्या सोंगट्या १७, १८, २३, २७ आणि ३२ वर. काळ्याच्या १, ४, ९, १० आणि १२ वर. पाळी तुझी. पाच-पाच सोंगट्या, राजा कुणाचाच नाही. तू ३२-२८ खेळलीस. काळ्याने ९-१३ करून तुझ्या १७ वर नेम धरला. मग तू शांतपणे १८-१४ खेळलीस, त्याने १३ वरून १७ मारून २२ गाठलं, तू १४ वरून १० मारून ७ गाठलंस, दोघांचे राजे झाले आणि डाव बरोबरीत सुटला. अडचणीत सापडल्यावर तू छान मार्ग काढलास, तेही सांगायला हवं.

पण १८-१४ ही चाल एक पाळी आधीच पटावर होती. ती खेळली असतीस तर काळ्याला दुसरं काही करताच आलं नसतं. त्याची १० वरची सोंगटी १४ वरून उडी मारू शकत नाही, कारण पलीकडच्या १७ वर तुझी सोंगटी बसलेली. म्हणून ९ वरच्या सोंगटीनेच मारायचं आणि १८ वर उतरायचं. तिथून तिला पुढे उडी नाही, कारण २३ च्या मागे २७ भरलेलं. आता तुझी २३ उठते, १८ वरची सोंगटी मारून १४ वर येते, तिथून १० मारून ७ वर जाते. एक दिली, दोन घेतल्या. ७ वर तिला हात लावायला काळ्याच्या २ किंवा ३ वर कुणी हवं होतं, आणि तिथे कुणीच नाही. त्याने त्या दोन्ही सोंगट्या कधीच पुढे काढल्या होत्या. पुढच्या चालीला तुझा राजा. चार विरुद्ध तीन, वर राजा तुझा एकटीचा. डाव तुझा होता.

रडू येणं मी समजू शकतो. पण माझं लक्ष तुझ्या पत्रातल्या दुसऱ्याच एका वाक्याकडे गेलं. जागेखाली तू बारीक अक्षरात लिहिलं आहेस: ‘इथे सगळं सुरक्षित वाटलं म्हणून मागची सोंगटी पुढे आणली.’ तीन वह्यांपेक्षा हे एक वाक्य मोलाचं आहे. तू त्या पाळीला ‘माझं काही जातंय का?’ हा प्रश्न विचारलास. उत्तर ‘नाही’ असं मिळालं आणि तू थांबलीस. ‘मी काही देऊ शकते का?’ हा प्रश्न तू विचारलाच नाहीस. आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तरही अर्धवटच होतं, कारण ९-१३ आल्यावर १७ लगेच धोक्यात आली.

आपल्या खेळात मार सक्तीची आहे, आणि सगळी गंमत तिथेच आहे. बुद्धिबळात तुम्ही प्यादं पुढे केलंत तर समोरचा ते घेईल किंवा नाही घेणार. इथे त्याला घ्यावंच लागतं. म्हणजे सोंगटी दिली की ती एक चाल समोरच्याची राहत नाही, तुमची होते. त्याचा हात धरून त्याची सोंगटी आपल्याला हवी तिथे ठेवण्यासारखं आहे ते. हुकलेल्या विजयांतले निम्म्याहून जास्त या एकाच जागी हुकतात असा माझा अनुभव आहे. आपल्या बारा सोंगट्या जपून जपून खेळायची सवय लहानपणापासून लागलेली असते. ओसरीवर बाबांशी खेळताना सोंगटी गेली की वाईट वाटायचं, ते वाटणं पंचवीस वर्षांनी ओहायोतल्या टेबलावरही हात मागे खेचतं.

मला हे कुणी शिकवलं ते सांगतो. अमेरिकेत होतो तेव्हा एका गावातल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमचा क्लब भरायचा. तिथे एक वयस्कर गृहस्थ यायचे, निवृत्त सुतार. त्यांच्याकडून मी एक डाव हरलो आणि नेहमीसारखं विचारलं, ‘मी कुठे चुकलो?’ त्यांनी उत्तर दिलं नाही. सोंगट्या परत मांडायला लागले, तेही सुरुवातीपासून नाही, शेवटापासून उलटे. मेलेल्या सोंगट्या डब्यातून काढून एकेक आपल्या घरी ठेवत गेले. जाडजूड बोटं, पण एकही घर चुकलं नाही. एका जागी थांबून मला म्हणाले, ‘इथे तू चार मिनिटं विचार केलास. काय विचार करत होतास?’ मी सांगायला लागलो आणि दुसऱ्याच वाक्याला माझ्या लक्षात आलं की त्या चार मिनिटांत मी एकच चाल पुन्हा पुन्हा तपासत होतो. दुसरी एकही पाहिली नव्हती. बरोबर चाल कोणती ते त्यांनी मला त्या दिवशी सांगितलंच नाही. रात्री घरी मला ती आपोआप सापडली.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली, आणि तुलाही तीच सांगतो. डाव झाल्यावर त्याच संध्याकाळी, संगणक उघडायच्या आधी, चालींच्या कागदावर ज्या तीन-चार जागी तू घुटमळलीस किंवा उलट अगदी पटकन खेळलीस, त्यांच्यासमोर एकेक वाक्य लिही. ‘घाबरले होते.’ ‘हा राजा करणार असं वाटलं.’ ‘घड्याळ बघितलं.’ ‘सगळं सुरक्षित वाटलं.’ शाई कुठलीही चालेल, फक्त लिहिणं त्याच दिवशी व्हायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याला आपला विचार आठवत नाही, आपण तो नव्याने रचतो, आणि रचलेला विचार नेहमी मूळ विचारापेक्षा शहाणा असतो. एकदा का संगणकाने १८-१४ दाखवली की ‘मला ती दिसलीच होती, पण…’ असं मन सांगू लागतं. दिसली नव्हती. त्या बिचाऱ्या चार शब्दांची नोंद असेल तर मनाला तसं म्हणता येत नाही.

मग दोन-तीन दिवसांनी पटावर, हाताने, सोंगट्या मांडून स्वतः शोध. पडद्यावर नको. पडद्यावर बोट पुढच्या चालीच्या बटणाकडे जातं. आणि सगळ्यात शेवटी संगणक. चेकरबोर्ड हा मोफत प्रोग्रॅम तुझ्याकडे असेलच, त्यात केक किंवा किंग्जरो हे इंजिन, म्हणजे चाली शोधणारा भाग, चालव. ही इंजिनं आज जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा चांगली खेळतात, त्यांच्या निकालावर शंका घ्यायचं कारण नाही. पण तो निकाल कुणाचा आणि कुणासाठी, हे मात्र नीट बघायला हवं. इथे तुझा तिसरा डाव येतो.

तू लिहितेस, तिसऱ्यातला विजय तुला अजून कळत नाही. मी तो इंजिनवर लावून पाहिला. पटावर सात सोंगट्या उरलेल्या आहेत. म्हणजे तिथे इंजिन विचारच करत नाही, अंतिम खेळाच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे थोड्या सोंगट्यांच्या जागांचे निकाल आधीच काढून ठेवलेल्या साठ्यात, बघून ‘विजय’ एवढंच सांगतं. तो विजय चाळीसहून जास्त चालींचा आहे आणि मध्ये अनेक ठिकाणी एकच चाल बरोबर आहे. मलाही तो कळला नाही. ती जागा तुझ्या हुकलेल्या विजयांच्या यादीतून काढून टाक. तो तुझा विजय नव्हता, डेटाबेसचा होता.

हे मी तुझी समजूत घालायला म्हणत नाही. तू ज्या राज्यात राहतेस तिथल्याच आयर्नटन गावी १९२७ साली चेकर्सचे जगज्जेते मॅरियन टिन्सली जन्मले. गणिताचे प्राध्यापक, तुझ्याच राज्यातल्या ओहायो स्टेट विद्यापीठातून डॉक्टरेट. १९५० पासून १९९५ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ते स्पर्धांत मोजून सात डाव हरले, आणि त्यातले दोन एका यंत्राविरुद्ध. ते यंत्र म्हणजे चिनूक, कॅनडात एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठात जोनाथन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ पासून घडवलेला प्रोग्रॅम. १९९० मध्ये दोघांच्या एका डावात चिनूकने दहावी चाल खेळली आणि टिन्सली लगेच म्हणाले की याचा तुम्हाला पश्चात्ताप होईल. यंत्राला त्या वेळी सगळं ठीक दिसत होतं. छत्तिसाव्या चालीला चिनूकच्या बाजूने डाव सोडावा लागला. शेफर यांनी नंतर तो डाव मागे मागे तपासत नेला, तेव्हा कळलं की चूक खरोखर त्या दहाव्या चालीतच होती.

दोन वर्षांनी, १९९२ मध्ये, लंडनला दोघांचा जागतिक अजिंक्यपदाचा सामना झाला. टिन्सलींनी चार डाव जिंकले, चिनूकने दोन, आणि तेहतीस बरोबरीत सुटले. हे तेहतीस बघ. जगातला सर्वश्रेष्ठ माणूस आणि सर्वश्रेष्ठ यंत्र समोरासमोर बसले तरी बहुतेक डाव बरोबरीत. पुढे २००७ मध्ये शेफर यांच्या गटाने सिद्धच केलं की दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर हा खेळ बरोबरीत सुटतो. त्यासाठी त्यांना दहा सोंगट्यांपर्यंतच्या एकूण एक जागांचा डेटाबेस लागला, सुमारे एकोणचाळीस लाख कोटी जागा. त्यातल्या एखाद्या जागेवर तू अडखळलीस म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस. ‘बरोबरी’ हा शब्दही तू पत्रात हरल्यासारखा लिहिला आहेस. आपल्या खेळात ती खेळाची मूळ अवस्था आहे. विजय मिळतो तो समोरच्याने चूक केली आणि आपण ती पाहिली म्हणून. त्यामुळे प्रत्येक हुकलेल्या विजयाच्या आधी एक चूक समोरच्याचीही असते, आणि वहीत तिचीही जागा हवी. तुझ्या पहिल्या डावात काळ्याने २ आणि ३ रिकामी केली ती चूक तू त्या क्षणी टिपली असतीस, तर पाच चालींनंतर ७ नंबरचं घर तुला आपोआप खुणावलं असतं. कुणी घरच्या ओळीतली सोंगटी हलवली की मनात म्हणायचं, ‘आता हे घर उघडं.’ एवढी एक सवय लागली तरी पुष्कळ.

दुसरा डाव मात्र मी सोडणार नाही. तीन राजे विरुद्ध दोन राजे हा जिंकता येणारा शेवट आहे. तो शिकलेला असला पाहिजे, पटावर बसून शोधायचा नसतो. तुझा कागद पाहिला. समोरच्याचे राजे दोन दुहेरी कोपऱ्यांत येजा करत होते, एक १ आणि ५ मध्ये, दुसरा २८ आणि ३२ मध्ये. तू तिन्ही राजे घेऊन आधी एकाच्या मागे लागलीस, मग दुसऱ्याच्या. तुला त्यांना मारायचं होतं. तिथे मारायचं नसतं, बदली लादायची असते. तीन विरुद्ध दोन असताना एकास एक गेले की दोन विरुद्ध एक उरतात, आणि तो उरलेला एक दुहेरी कोपऱ्यात जाऊन बसला तरी दोघांपुढे टिकत नाही. तू मात्र बदलीची संधी दोनदा आली असताना मागे घेतलीस, एकविसाव्या आणि सत्ताविसाव्या चालीला. आपला राजा द्यावा लागेल म्हणून. बघ, पुन्हा तेच. पहिल्या डावातली ३२-२८ आणि या डावातली माघार, वरवर दोन अगदी वेगळ्या चुका. एक मधल्या खेळातली, एक शेवटातली. तुझ्या वहीत त्या वेगवेगळ्या पानांवर आहेत. पण मुळात ती एकच चूक आहे: द्यायला हात पुढे होत नाही.

विश्लेषणातून मिळवायचं ते हेच. पंधरा चुका पंधरा राहिल्या तर माणूस थकून जातो. त्या तीन निघाल्या तर काम करता येतं.

आता एक तांत्रिक गोष्ट, कारण तुझ्या हरलेल्या दोन डावांत ती दिसते. शेवटाकडे ‘मूव्ह’ कुणाकडे आहे, हे तू मोजत नाहीस. कल्पना कर, पटावर फक्त दोन सोंगट्या आहेत, काळी १० वर आणि पांढरी १८ वर. समोरासमोर, मध्ये एक ओळ मोकळी. पांढऱ्याची पाळी असेल तर १४ वर जा की १५ वर, काळा मारणारच. काळ्याची पाळी असेल तर तोच मरतो. ज्याची पाळी तो फसला, म्हणजे मूव्ह समोरच्याकडे. सगळा पट भरलेला असतानाही हाच हिशेब चालू असतो, आणि तो मोजायची जुनी रीत अगदी सोपी आहे. आपली पाळी असताना, आपल्या घरच्या ओळीतली खेळायची चार घरं ज्या चार उभ्या स्तंभांत आहेत, त्या स्तंभांतल्या दोन्ही रंगांच्या सगळ्या सोंगट्या मोजायच्या. विषम आल्या तर मूव्ह आपल्याकडे, सम आल्या तर समोरच्याकडे. वरच्या दोन सोंगट्यांवर करून बघ: पांढऱ्याच्या स्तंभांत एकही नाही, शून्य म्हणजे सम, मूव्ह काळ्याकडे. जुळलं. आणि एकास एक बदली झाली की बहुतेक वेळा मूव्ह पालटते. तू हरलेल्या पहिल्या डावात तुझ्याकडे मूव्ह होती आणि तू ‘खेळ सोपा करू’ म्हणून एक बदली केलीस. त्या बदलीने ती गेली. आठ-दहा सोंगट्या उरल्या की प्रत्येक बदलीआधी मोजायचं. दहा सेकंद लागतात.

तुझ्या कागदांत आणखी एक खजिना आहे, आणि तू तो उघडलेला दिसत नाही. स्पर्धेत पहिल्या तीन चाली चिठ्ठी काढून ठरतात, आणि तोच आरंभ दोघांना एकदा काळ्याने, एकदा पांढऱ्याने खेळावा लागतो. म्हणजे आठ डाव हे खरं तर चार जोड्या आहेत. प्रत्येक जोडीत तू जी बाजू खेळलीस, तीच बाजू समोरचा दुसऱ्या डावात खेळला. दोन्ही कागद शेजारी ठेव. ज्या चालीला दोन डाव वेगळे झाले तिथे बोट ठेव आणि विचार, त्याने ते का केलं, मी का नाही केलं. एका चांगल्या खेळाडूने तुझ्याच अडचणीचं उत्तर तुला स्वतःच्या हाताने लिहून दिलेलं असतं. तुझ्या तिसऱ्या जोडीत तू काळ्याने कमकुवत बाजू धरून हरलीस, आणि तो त्याच कमकुवत बाजूने तुझ्याशी बरोबरी करून गेला. आधी ती जोडी घे. संगणकाला त्यातलं काही विचारायची गरजसुद्धा पडणार नाही.

जिंकलेला एक डावही तपास. तो तू पाठवलाच नाहीस. मागवून घेतला असता, पण मला अंदाज आहे की त्यातही कुठेतरी ‘सगळं सुरक्षित वाटलं’ असेल, फक्त समोरच्याने ते पाहिलं नसेल. जिंकलेल्या डावातल्या चुका शांत मनाने बघता येतात, म्हणून मी नेहमी सुरुवात तिथून करतो.

बाबांचं म्हणशील तर ते अर्धे बरोबर आहेत आणि तो अर्धा भाग महत्त्वाचा आहे. दोन फेऱ्यांच्या मध्ये विसरायचंच. तिसऱ्या फेरीत हुकलेला विजय चौथ्या फेरीच्या टेबलावर घेऊन बसलीस तर दोन डाव जातात. तुझ्या स्पर्धेत दोन्ही हारी हुकलेल्या विजयाच्या लगेच पुढच्या फेरीत आहेत, हे तुझ्या लक्षात आलं का? कागद क्रमाने लाव म्हणजे दिसेल. तिथे बाबांचं ऐक. खोलीबाहेर जा, पाणी पी, कुणाशी डावाबद्दल बोलू नकोस, आणि फोनवर इंजिन तर मुळीच उघडू नकोस. घरी आल्यावर मात्र विसरायचं नाही.

लाल शाईच्या त्या तीन वह्या फेकू नकोस. पण चौथी वही सुरू करताना एका पानावर एकच जागा घे. वर आकडे, खाली त्या वेळचा तुझा विचार, त्याच्या खाली तो विचार कुठे थांबला ते. महिन्याला चार पानं झाली तरी पुरे. पहिल्या पानासाठी जागा तुझ्याकडे आहेच.

आणि रविवारी बाबांना व्हिडिओ कॉल कर. त्यांना काळ्याच्या सोंगट्या १, ४, ९, १०, १२ वर मांडायला सांग, तू पांढऱ्या मांड. काहीही न सांगता १८-१४ खेळ. ते आधी म्हणतील, ‘अगं, फुकट देतेस!’ मग त्यांना मारू दे.